हा लाँग बेमध्ये बोटीवर मुक्काम करायचाय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने

व्हिएतनामची सहल आखताना हनोईच्या खाली लगेच ‘हा लाँग बे, एक रात्र’ असं लिहिलं जातं आणि मग माणूस थेट बोटींचे फोटो बघायला लागतो. बाल्कनी, बाथटब, डेकवरचा पोहण्याचा हौद. मीही तसंच केलं होतं.

आम्ही ही बोट दोनदा बुक केली. पहिल्यांदा ऑगस्टमध्ये, मी आणि नवरा. वादळाचा इशारा आला, बोट धक्क्यावरून सुटलीच नाही, आणि दुसऱ्या रात्री परतीचं विमान असल्यामुळे थांबायचीही सोय नव्हती. दोन वर्षांनी नोव्हेंबरमध्ये पुन्हा गेलो. या वेळी सासूबाई आणि माझी मावशी सोबत होत्या. दोघी सत्तरीच्या आसपासच्या, दोघी शाकाहारी, त्यात मावशीचे गुडघे दुखतात. तरी ती सहल मनासारखी झाली, कारण ठरवण्याचा क्रम आम्ही उलटा केला. आधी महिना, मग कुठलं पाणी, मग कुठला धक्का, आणि बोट सगळ्यात शेवटी. त्याच क्रमाने खाली लिहिते आहे.

१. आधी महिना ठरवा

व्हिएतनाम म्हणजे बाराही महिने उकाडा, अशी आपली समजूत असते. दक्षिणेला ती खरी आहे. हा लाँग बे मात्र उत्तरेला, तोंकिनच्या आखातात आहे आणि तिथे हिवाळा चांगला जाणवतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत पारा १० ते १५ अंशांपर्यंत उतरतो आणि पाण्यावरच्या वाऱ्यात तो आणखी बोचतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसचे दिवस बारीक रिमझिम आणि धुकं असतं. धुक्यातून एकेक डोंगर पुढे येताना बघणं काहींना फार आवडतं, पण निळं आकाश मनात धरून गेलात तर हिरमोड होईल.

जून ते ऑक्टोबर हा वादळांचा काळ. त्यातही जुलै ते सप्टेंबर सगळ्यात जोखमीचा. २०२४ च्या ७ सप्टेंबरला ‘यागी’ हे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं आणि बंदरात बांधून ठेवलेल्या पर्यटक बोटीसुद्धा बुडाल्या. १९ जुलै २०२५ ची दुर्घटना तर त्याहून वेगळी. दुपारी अचानक उठलेल्या गडगडाटी वादळात ४९ जणांची, दिवसाची फेरी मारणारी बोट उलटली आणि तीसहून अधिक माणसं गेली. चक्रीवादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळते. असलं उन्हाळी वादळ तासाभरात येतं. म्हणून उन्हाळ्यातल्या स्वस्त दरांना भुलू नका, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ उत्तम. हवा कोरडी, दिवसा ऊन, रात्री एक स्वेटर पुरतो. एप्रिलही चांगला. व्हिएतनामी नवं वर्ष, म्हणजे ‘तेत’, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान कधीतरी येतं. त्या आठवड्यात दर चढतात आणि रस्ते तुंबतात, तेव्हा तारीख बघून ते दिवस टाळा.

महिना कुठलाही असो, बोटीतून उतरायचा दिवस आणि परतीचं विमान यांमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. पहिल्या वेळी आमचं सगळं हुकलं ते नेमकं इथे. बोट सोडायची की नाही हे बोटवाल्या कंपनीच्या हातात नसतं. हवामान बघून बंदराचे अधिकारी परवानगी देतात किंवा नाकारतात, आणि त्यापुढे कोणाचंही चालत नाही. चालू द्यावंही नाही. हातात एक दिवस शिल्लक असला तर बोट उद्यावर ढकलता येते.

२. तीन पाण्यांपैकी कुठलं?

ही गोष्ट आधी कोणीच सांगत नाही. जाहिरातीत सगळ्यावर ‘हा लाँग बे’ असंच लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात शेजारी-शेजारी तीन उपसागर आहेत आणि तुमची बोट त्यांपैकी एकातच मुक्काम करते. मध्ये हा लाँग, ईशान्येला बाय तू लाँग, दक्षिणेला काट बा बेटाला लागून लान हा. खडक तोच, पाण्याचा हिरवा रंग तोच. बदलते ती गर्दी, उतरायची ठिकाणं आणि निघायचा धक्का.

हा लाँग म्हणजे ‘उतरणारा ड्रॅगन’. शत्रूला अडवायला ड्रॅगन आकाशातून उतरला, त्याने तोंडातून मोती आणि पाचू फेकले आणि त्यांची बेटं झाली, अशी तिथली कथा. बाय तू लाँग हे नाव त्या ड्रॅगनच्या पिल्लांवरून पडलं. भूगोलाच्या हिशेबात ही बेटं कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या चुनखडीची आहेत. ती वर उचलली गेली, पावसाने झिजून तिचे सुळके झाले, आणि शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र चढला तेव्हा मधल्या दऱ्यांत पाणी शिरलं. म्हणजे आपण बोटीतून जातो ते खरं तर बुडालेल्या खोऱ्यांवरून. हा लाँगच्या परिसरात लहान-मोठी १,९६९ बेटं मोजलेली आहेत. १९९४ मध्ये ते जागतिक वारसा स्थळ झालं, २००० मध्ये भूशास्त्रीय महत्त्वासाठी पुन्हा नोंदलं गेलं, आणि २०२३ मध्ये काट बाचा परिसरही त्या यादीत आला.

हा लाँगच्या मार्गावर प्रसिद्ध ठिकाणं येतात. सुंग सोत ही भलीमोठी गुहा, ती तोप बेटावरची टेकडी, आणि लुओन, जिथे खडकातल्या कमानीखालून होडी आत नेतात आणि चारी बाजूंनी कडे असलेल्या तळ्यात आणून सोडतात. ती तोप हे नाव सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव यांच्यावरून आलं आहे. ते १९६२ मध्ये हो ची मिन्ह यांच्यासोबत इथे आले होते, आणि बेटाच्या पायथ्याशी त्यांचा पुतळाही आहे. वर जायला चारशेच्या वर पायऱ्या आहेत. दृश्य अप्रतिम, पण दिवसाच्या फेऱ्यांच्या बोटीही तिथेच येतात, त्यामुळे पायऱ्यांवर रांग लागते.

बाय तू लाँगमध्ये बोटी कमी असतात. तिथे वुंग विएंग ही तरंगती वस्ती आणि थिएन कान्ह सोन ही छोटी गुहा आहे. एवढं ध्यानात ठेवा की वस्ती पूर्वीसारखी नांदती नाही. २०१४ मध्ये अशा वस्त्यांमधल्या कुटुंबांना सरकारने किनाऱ्यावर घरं दिली. आता काही जण मत्स्यपालनासाठी आणि पर्यटकांच्या होड्या वल्हवायला तिथे येतात.

लान हा काट बाच्या कडेने आहे आणि हायफाँग शहराच्या हद्दीत येतो (बाकीचे दोन क्वांग निन्ह प्रांतात). इथे कायाकिंगला, म्हणजे स्वतः वल्हवायच्या छोट्या निमुळत्या होडीतून फिरायला, सगळ्यात जास्त वाव आहे. अंधारी-उजेडी गुहा आणि सायकलवरून जायचं व्हिएत हाय गाव ही इथली आकर्षणं. तरुण मंडळी असाल तर मी लान हाच सुचवेन.

आम्ही मावशीच्या गुडघ्यांचा विचार करून बाय तू लाँग निवडलं. वुंग विएंगला शंकूसारखी टोपी घातलेल्या एका बाईंनी आम्हा चौघांना होडीतून फिरवलं. ओहोटी होती. खडकाच्या पायथ्याशी पाण्याने आत कोरलेली खोल खाच उघडी पडली होती, इतकी की वरचा डोंगर देठावर ठेवल्यासारखा दिसत होता. खाचेच्या कडेला कालवांची राखाडी, खडबडीत रांग चिकटलेली. मावशीने हात पुढे केला तसं त्या बाईंनी वल्ह्याने पाण्यावर टकटक केलं, मान हलवली आणि आपल्या अंगठ्यावरचा जुना व्रण दाखवला. ती कालवं ब्लेडसारखी धारदार असतात. कायाकमधून जाताना तुम्हीही खडकाला हाताने ढकलू नका, वल्ह्याने ढकला.

भरती-ओहोटीची आणखी एक गंमत कळली तर नियोजन सोपं जातं. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते. या आखातात बहुतेक दिवस एकदाच येते, आणि पाणी तीन-चार मीटरपर्यंत चढतं-उतरतं. लुओन किंवा अंधारी-उजेडी गुहा अशा बुटक्या कमानीखालची वाट भरतीत बंद होऊ शकते. गाइडने कार्यक्रम मागेपुढे केला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. (याच आखाताला मिळणाऱ्या बाख दांग नदीत व्हिएतनामींनी लाकडी खांब रोवून ठेवले होते, आणि १२८८ मध्ये ओहोटी लागताच मंगोलांची जहाजं त्यांवर अडकली. तिथल्या गाइडला हे विचारा, फार रंगून सांगतात.)

३. एक रात्र की दोन?

‘दोन दिवस, एक रात्र’ म्हणजे प्रत्यक्षात साधारण २२ ते २३ तास. दुपारी बाराच्या सुमारास बोटीवर चढायचं आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आसपास उतरायचं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे पुरतं.

‘तीन दिवस, दोन रात्री’ घेतल्यास मधला पूर्ण दिवस मिळतो. पण मोठी बोट त्या दिवशी धक्क्यावर जाऊन नवे प्रवासी घेऊन येते आणि तुम्हाला दिवसभरासाठी छोट्या बोटीवर पाठवतात. ती छोटी बोट लांबच्या शांत भागात जाते, म्हणून मला हा प्रकार आवडतो. वयस्कर माणसांना मात्र दिवसभर केबिन नसणं जड जाईल.

४. आता बोट निवडा

मध्यम ते चांगल्या दर्जाच्या बोटीला एका रात्रीचे माणशी साधारण १२० ते २०० अमेरिकन डॉलर पडतात. त्याखाली स्वस्त बोटीही मिळतात, वर तर मर्यादाच नाही. ताऱ्यांवर फार जाऊ नका. मी या गोष्टी बघते:

बोटीचा सांगाडा पोलादी आहे का आणि ती कोणत्या साली बांधली. जुन्या लाकडी बोटी दिसायला सुंदर, पण मला मुक्कामासाठी पोलादीच हवी. त्यामागचं कारण पुढे सहाव्या टप्प्यात येईल.

केबिन किती. दहा-बारा केबिनची बोट घरगुती वाटते, सगळ्यांशी बोलणं होतं. चाळीस-पन्नास केबिनच्या बोटीला लिफ्ट असू शकते आणि ती हलत नाही, पण जेवणाला बुफेची रांग आणि गुहेत शिरायला साठ माणसांचा घोळका.

केबिन कुठे. इंजिन आणि जनरेटर मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर असतात आणि जनरेटर रात्रभर चालू राहतो. झोप हलकी असेल तर पुढची किंवा वरच्या मजल्यावरची केबिन मागा. जिने मात्र अरुंद आणि खडे असतात, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना जेवणघराच्याच मजल्यावरची बरी. आम्ही दोघींसाठी तशीच घेतली.

बोट लागेल की काय, ही भीती सोडून द्या. बेटांच्या आडोशामुळे पाणी बहुधा तळ्यासारखं स्थिर असतं. सासूबाईंना घाटातसुद्धा मळमळतं, बोटीवर त्यांनी गोळीच काढली नाही.

५. पैसे भरण्याआधी लेखी विचारा

फोनवर सगळे हो म्हणतात. ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पहिल्या वेळी आमच्या एजंटने ‘फुल रिफंड’ असं तोंडी सांगितलं होतं. प्रत्यक्षात निम्मेच पैसे परत आले, आणि दाखवायला आमच्याकडे एक ओळही नव्हती.

विचारायचे प्रश्न असे. बोट कुठल्या धक्क्यावरून सुटते? मुक्काम कुठल्या उपसागरात? हवामानामुळे निघण्याआधीच रद्द झाली तर किती पैसे परत, आणि मध्येच परत फिरावं लागलं तर किती? हनोईहून नेण्या-आणण्याचा खर्च धरलाय का? उपसागराचं प्रवेश तिकीट आणि कायाक धरलाय का? नाताळ किंवा ३१ डिसेंबरच्या रात्री वेगळा अधिभार आहे का? एकटे असाल तर केबिनचे जास्तीचे पैसे किती?

धक्क्याचा प्रश्न पहिला का, ते सांगते. तुआन चाऊ, बाय चाय आणि होन गाय हे धक्के एकमेकांपासून लांब आहेत, आणि लान हाच्या काही बोटी तर हायफाँगकडच्या गोत धक्क्यावरून सुटतात. स्वतः टॅक्सी करून जाणार असाल आणि ड्रायव्हरला नुसतं ‘हा लाँग’ सांगितलंत, तर भलत्याच धक्क्यावर उतराल आणि बोट तुमच्यासाठी थांबणार नाही.

६. कागदपत्रं, आणि बोटीवर चढल्याबरोबर करायचं काम

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा लागतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एका प्रवेशाची फी २५ डॉलर, अनेक प्रवेशांची ५०. अर्ज व्हिएतनाम सरकारच्या संकेतस्थळावरच करा. त्याचा पत्ता ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ने संपतो. शोधलं की तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं आधी वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. व्हिसा कामकाजाच्या तीन दिवसांत येतो असं म्हणतात, पण तिथल्या सुट्ट्या मध्ये आल्या की लांबतो. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

अर्जात नाव पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत, ‘मशीन’च्या अक्षरांत जसं छापलंय तसंच लिहा. आपल्याकडे पासपोर्टवर कधी आडनावाचा रकाना रिकामा असतो, तर कधी वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं, आणि चूक नेमकी तिथेच होते. एका अक्षराची चूक म्हणजे नवा अर्ज, नवी फी.

सोबत ठेवायचं:
– मूळ पासपोर्ट, परतल्यानंतरही उरेल असा किमान सहा महिने वैध
– ई-व्हिसाच्या दोन छापील प्रती
– बोटीचं बुकिंग आणि वर लिहून घेतलेली उत्तरं, कागदावर
– प्रवास विमा, ज्यात कायाकिंगसारखे पाण्यातले प्रकार वगळलेले नाहीत असा
– मुलं असतील तर त्यांच्या वयाचा पुरावा, कारण केबिनचा दर वयावर ठरतो

पासपोर्ट हनोईच्या हॉटेलात ठेवून जाऊ नका. बोटीवर नोंदणीसाठी मूळ प्रतच लागते. बोटवाले तो काही तास किंवा रात्रभर स्वतःकडे ठेवतात, ही तिथली नेहमीची पद्धत आहे.

केबिनची किल्ली मिळाली की बाल्कनीत धावायच्या आधी दहा मिनिटं हे करा. लाईफ जॅकेट कुठे आहेत ते शोधा (कपाटात किंवा पलंगाखाली असतात) आणि एकदा घालून पट्टे जुळवून बघा. केबिनपासून मोकळ्या डेकपर्यंत चालत जा, दारं मोजत. खिडकी उघडते का ते बघा. २०११ च्या फेब्रुवारीत मुक्कामाची एक लाकडी बोट ती तोपजवळ पहाटे, सगळे झोपेत असताना बुडाली आणि १२ जणांचा जीव गेला. त्यानंतर नियम पुष्कळ कडक झाले. तरीही दोन्ही वयस्कर बायकांना घेऊन मी ती वाट दोनदा चालले, एकदा दिवसा, एकदा अंधार पडल्यावर. धक्क्यापासून बोटीपर्यंत नेणाऱ्या छोट्या होडीतही जॅकेट अंगावर घालायचं असतं, मांडीवर ठेवायचं नाही.

७. शाकाहारी असाल तर तीनदा सांगा

बुकिंग करताना एकदा, बोटीवर चढताना एकदा, आणि पहिल्या जेवणाला बसताना आचाऱ्यांपर्यंत पोहोचेल असं एकदा. व्हिएतनामी स्वयंपाकात ‘नुओक माम’ म्हणजे माशांचं आंबवलेलं पाणी मिठासारखं पडतं, आणि परतलेल्या भाजीत कालवांचं सॉस असतं. म्हणून नुसतं ‘मांस नको’ पुरत नाही. ‘मांस, मासे, माशांचं सॉस, कालवांचं सॉस नको, अंडं चालेल किंवा नाही’ असं स्पष्ट लिहा.

तिथला शब्द ‘आन चाय’. बौद्ध मंडळी उपासाला पाळतात तो शाकाहार, आणि तो म्हटला की आचाऱ्याला नेमकं कळतं. पक्का आन चाय पाळणारे कांदा-लसूणही खात नाहीत, त्यामुळे जैन मंडळींनी हाच शब्द वापरून पुढे कांदा-लसणाचं वेगळं सांगावं. आमच्या बोटीवर दोघींना टोफू, अळंबी, मोहरीच्या पाल्यासारखी परतलेली भाजी, भात आणि भरपूर फळं मिळाली. सासूबाईंनी सोबत लिंबाचं लोणचं आणि दाण्याची चटणी नेली होती, त्याने भात गोड लागला. बाहेरचं पेय बोटीवर नेलं तर त्याचे पैसे लावतात. घरच्या चटणीला कोणी काही म्हणत नाही.

८. बॅग

मोठी सुटकेस हनोईच्या हॉटेलात ठेवा (परत तिथेच येणार असाल तर ते फुकट सांभाळतात) आणि माणशी एक छोटी बॅग घ्या. रबरी तळव्यांच्या, भिजल्या तरी चालतील अशा चपला किंवा बूट. कायाकमध्ये बसल्यावर पॅंट हमखास भिजते, म्हणून बदलायचे कपडे, आणि फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी. छोटी विजेरी. हिवाळ्यात टोपी आणि वारा अडवेल असं जाकीट. नेहमीची औषधं दोन दिवसांची जास्त, कारण उपसागरात दुकान नाही. दोन गोल पिनांचे आपले चार्जर तिथे चालतात, तीन पिनांचे नाही. पाण्याची बाटली घरची न्या. उपसागरात एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर २०१९ पासून बंदी आहे, आणि बोटीवर पाणी भरून मिळतं.

रोख पैसे डाँगमध्ये ठेवा, माणशी पाच-सात लाख. आकड्याने दचकू नका, एका डॉलरला २५-२६ हजार डाँग येतात. २० हजार आणि ५ लाख या दोन्ही नोटा निळ्या आहेत, अंधारात देताना शून्यं मोजा. २ लाखांच्या नोटेमागे छापलेला उदबत्तीदाणीसारखा खडक याच उपसागरातला आहे. बोट त्याच्या जवळून गेली तर गाइड हातात नोट धरून दाखवतोच.

९. हनोई ते धक्का

हनोईपासून सुमारे १६० किलोमीटर. एक्सप्रेस वेमुळे अडीच तासांत होतं. जुन्या वस्तीतल्या हॉटेलातून सकाळी आठ ते साडेआठच्या दरम्यान उचलतात. बुकिंगमध्ये ‘लिमोझिन’ लिहिलेलं असतं, पण लांब काळी गाडी येणार नाही. तिथे नऊ-अकरा मोठ्या खुर्च्यांच्या व्हॅनला लिमोझिन म्हणतात. आरामशीर असते. वाटेत मोत्यांच्या किंवा हस्तकलेच्या एका मोठ्या दुकानात अर्धा तास थांबवतात. स्वच्छतागृह वापरा, घ्यायचं नसेल तर काही घेऊ नका.

विमानाने त्याच सकाळी हनोईच्या नोय बाय विमानतळावर उतरून थेट बोट पकडायचा बेत करू नका. आदल्या रात्री हनोईत राहा. घड्याळ तिथे आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं, हेही आधीच जुळवून घ्या.

१०. बोटीवरची दुपार, रात्र, सकाळ

चढल्यावर सूचना, मग जेवण, आणि तीनच्या सुमाराला पहिला थांबा. कायाक नको असेल तर वल्ह्याची होडी मिळते. होडीवाल्या बाईंना बक्षिसी हातात द्या. पाण्यात उतरायचं असेल तर ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच, बोटीवरून उडी मारायला परवानगी नसते.

नोव्हेंबरमध्ये सूर्य सव्वापाचलाच मावळतो. त्या वेळी केबिनमध्ये आंघोळीत वेळ घालवू नका, वर डेकवर या. पुढचे डोंगर काळे, त्यामागचे निळे, त्यामागचे राखाडी, असे एकामागून एक थर उरतात आणि मग बोट नांगर टाकते तो साखळीचा लांब खडखडाट ऐकू येतो. त्यानंतर एकदम शांत. रात्री जेवणानंतर माकूळ पकडायला गळ देतात. हिवाळ्यात सहसा काही लागत नाही, पण बोटीच्या दिव्याखाली हिरव्या पाण्यात छोटे मासे गोल फिरताना बघत आम्ही तासभर तिथेच बसलो होतो.

सकाळी सव्वासहाला डेकवर ताय चीचा वर्ग असतो. तो करा किंवा करू नका, पण त्या वेळेला उठा. मग हलका नाश्ता आणि दुसरा थांबा. फिरून येईपर्यंत साधारण नऊ वाजतात आणि लगेच केबिन रिकामी करायला सांगतात, म्हणून बॅग निघायच्या आधीच भरून ठेवा. ज्यांनी हे केलं नव्हतं त्यांची फार धावपळ उडाली.

११. उतरताना

दहाच्या सुमाराला लवकरचं जेवण देतात. ते पोटभर घ्या, हनोईला पोचायला तीन-साडेतीन होतात. त्या दिवशी पाचच्या आत हनोईत कुठलंही तिकीट काढून ठेवू नका.

बिलात पेयं, मालिश, कपडे धुणं असं सगळं ओळीने येतं. प्रत्येक ओळ वाचा. आमच्या बिलात शेजारच्या केबिनची दोन नारळपाणी चढली होती, सांगितल्यावर लगेच काढली. कार्डावर बहुधा दोन-तीन टक्के जास्त लावतात, रोख असेल तर ते वाचतात. कर्मचाऱ्यांच्या बक्षिसीसाठी एक पेटी असते. त्यात टाकलेलं स्वयंपाकघरापर्यंत पोचतं, म्हणून एकट्या गाइडच्या हातात देण्यापेक्षा तिथे टाका. मावशीने पेटीत पाकीट टाकलं आणि वर आचाऱ्यांना बोलावून उरलेली दाण्याची चटणी त्यांच्या हातात ठेवली.

छोट्या होडीत पाऊल ठेवण्याआधी पासपोर्ट परत घ्या, उघडून आपलाच आहे ना ते बघा, आणि केबिनच्या तिजोरीत काही राहिलं नाही याची खात्री करा. मोठी बोट तासाभरात नव्या प्रवाशांना घेऊन पुन्हा निघालेली असते.